आधी पाण्यात, मग भट्टीत

धुळे,
२७ ऑक्टोबर १९९१

चि. अभिमन यास,
सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे आहेत. तुझी तिन्ही पत्रं पोचली. दिवाळीच्या गर्दीमुळे उत्तर राहिलं. लोक घरचा मैदा-तूप घेऊन नानकटाई भाजायला आपल्या बेकरीच्या बाकावर बसलेत.

पहिलं पत्र जूनमध्ये आलं, तेव्हा दिवाळी नव्हती. असो.

तुझ्या त्या बेगलने माझं डोकं उठवलंय. शिक्षण सोडलं, न्यूयॉर्कात बेगलच्या दुकानात भट्टीवर लागलो, असं लिहिलंस आणि खाली कृती दिलीस, जणू बाप तीच मागत होता. मैद्याचं कडं करायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, मग भाजायचं. मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. पाव कोणी पाण्यात घालतं का? पाणी वगळून अकरा वेळा भाजला. पाव पालथा करून बोटाने वाजवला की आतलं मला ऐकू येतं. हा वाजतच नाही. भट्टीवरचा आपला पुना म्हणाला, "भाऊ, त्यापेक्षा मेदूवडा तळला असता."

पिंपळनेरहून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या भट्टीपुढे पोत्यावर निजायचो. तुला भट्टीच्या दारात उभं राहू दिलं नाही, ते कशासाठी? विमानाने जाऊन भट्टीपुढेच उभं राहायला?

तुझे शालिग्राम सर मागे विचारत होते, अभिमन काय करतो? मी म्हणालो, मोठ्या कंपनीत, मशीनवर. सर खूश झाले. तेव्हापासून ते आले की मी आत सटकतो. तुझ्या आईलाही एवढंच सांगितलं होतं, की खुशाल आहे.

परवा बारावा घाणा बिघडला. रागारागात तुझं पत्र मी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्यापासून. ऐकून ती म्हणाली, "हाई ते आपली बट्टी शे."

कणकेची बट्टी आधी उकडायची, मग तळायची. जन्मभर खाल्ली, आणि डोक्यात आलं नाही. वर ती सांगते, मी दुकानात असताना तू तिच्या चुलीपाशी बसून बट्ट्या उकडायचास. मी भट्टीवर पहारा ठेवला. चूल राहिलीच.

काल बेगल आधी पाण्यात सोडला, मग भाजला. वरून तुकतुकीत, आत कच्चा गिचका, आणि मधलं भोक बुजलेलं. नुसता वैताग. तेवढ्यात सर आले. या वेळी आत गेलो नाही. एक त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, "अभिमन हे करतो, सर. तो तिकडे भट्टीवर आहे."

सरांनी बराच वेळ चावला. म्हणाले, "त्याचा याहून बरा होत असेल."

माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव. शिक्षणाचं बोलायचंच आहे. पण वीस वर्षांत या धंद्यातलं मी कोणाला काही विचारलेलं नाही. तुला विचारतो. पाण्यात किती वेळ ठेवतोस? भोक बुजू नये म्हणून काय करतोस?

आणि हाताला भाजतं का फार?

इकडच्या भट्टीवरून,
तुझा बाप
सुकदेव