विहिरीवरची कप्पी

केळवे, मार्च १९६३, गुरुवार संध्याकाळ

दवाखान्यातली नर्स सुशीला बदली मागणार म्हणते. गावच्या विहिरीवर तिला अडवलं, तेव्हा अस्पृश्यतेच्या कायद्याखाली तक्रार करायला मीच तिला पालघरला नेलं होतं. फौजदार येऊन गावाला समज देऊन गेले. दुसऱ्याच दिवशी विहिरीवरची कप्पी गायब.

सरपंचांना जाब विचारला. "कोनी अडवलंय तिला? विहीर सगल्यांना मोकली हाय. कप्पी मोडली, दुरुस्तीला दिली. तुमी तं कॉलेज शिकलेल्या बाई. यात कुठलं कलम लागतं, तुमीच सांगा."

कुठलंच लागत नाही. बाकी सगळ्यांच्या वाडीत आपापली विहीर आहे, त्यांचं काय अडतं? कप्पीवाचून ओढताना दोर हात कापतो. सुशीलाचे तळहात आज पाहिले. याच हातांनी सरपंचांच्या सुनेचं बाळंतपण केलं. तेव्हा चालले.

माझ्या विहिरीवरून ने म्हटलं, तर म्हणाली, "नेलं तर तेच म्हणतील, बघा, हिला गावची विहीर लागत नव्हतीच." बरोबर आहे तिचं. मग मी काय...

ती कप्पी डोक्यातून जात नाही.

उद्या सकाळी माझी कप्पी गावच्या विहिरीला लावायची. माझंही पाणी तिथूनच भरायचं. गड्याला म्हटलं, चल बरोबर. "नाय बाई, मला गावात ऱ्हायचंय."

मलाही इथंच राहायचं आहे. म्हणून तर भीती वाटते. कप्पी आताच काढून ओटीवर आणून ठेवली, म्हणजे सकाळी माघार घेता येणार नाही.