धाकट्या भाऊजींचा वाटा

मी, या गावात ताडपत्रीवाली म्हणून ओळखली जाणारी विधवा, वय एकाहत्तर, माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे लिहून ठेवत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सुनेचे मत वेगळे आहे, पण तिला विचारलेले नाही.

१. नाक्यासमोरचे दुमजली घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. सरहद्दीवर नाका बसला तेव्हा इथे चाळीस घरे आणि एक कच्ची वाट होती. आता रस्ता ओलांडायला खोळंबावे लागते. वरच्या मजल्यावरच्या, ड्रायव्हरांना भाड्याने देतो त्या खोल्या मुलाला. चादरी रोज बदलाव्यात. तो बदलत नाही, मला ठाऊक आहे.

२. दाभणे, मेणदोरा आणि शिलाई मशीन सुनेला. तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक पडतो. तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून इथे लिहिले.

३. हॉटेलवाल्याने नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. त्याला माझ्या मयताला मात्र बोलावू नये.

४. खालचा मजला धाकट्या दिरांना. मुलगा चिडेल. चिडू दे.

भाऊजी सरहद्दीपलीकडे राहतात. त्यांची हकीकत घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण अर्धीच. आमचे सामाईक शेत ट्रकतळासाठी विकायचे होते आणि भाऊजी सही देईनात. ते तेव्हा भरलेल्या ट्रकांची राखण करीत, पोत्यांवरच झोपत. एका पहाटे मी एका ट्रकची फाटलेली ताडपत्री शिवत होते. आतून हाक आली, "अहो वहिनी, थांबा, मी आत आहे!"

मी थांबले नाही. उरलेले सात टाके घातले, गाठ मारली आणि घरी आले. ट्रक पलीकडे गेला. भाऊजींकडे कागद नव्हते. नऊ वर्षे तुरुंगात काढली, मग तिकडेच राहिले. इकडे ह्यांनी त्यांना बेपत्ता दाखवून शेत विकले. ह्यांनाही मी काही सांगितले नाही. तेव्हा मला काही वाटले नव्हते. पुढे वाटेल, असे धरून चालले होते. अजून वाटलेले नाही.

भाऊजींचे दरवर्षी पत्र येते. दर पत्रात असते, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. इंजिनाच्या आवाजात माझी हाक तुम्हाला ऐकू आली नसणार."

घराचे कागद देण्याआधी हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. घर नको म्हणाले तर आग्रह करू नये.

इंजिन बंद होते. ड्रायव्हर अजून चहा पीत होता.

वरील मजकूर स्वतः लिहिला, दोनदा वाचला, एकही शब्द खोडला नाही.

सही: ताडपत्रीवाली
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. पोस्टमन (सही)
स्थळ: राहते घर, खालचा मजला
दिनांक: ६ मार्च, मंगळवार