आमच्या घरात शिरलेला सिनेमा

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकले ती कंबर तिथेच अडकली, तेव्हा पुढचं सगळं पत्र वाकूनच लिहिलंय असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून ‘करतोस ना?’ असं विचारून तुला खोटं बोलायला लावत नाही. इकडे आम्ही सगळे बरे. सासूबाईंना ऐकू येणं आणखी कमी झालंय आणि त्यांचं बोलणं तेवढंच वाढलंय. हे विमा कंपनीतून निवृत्त झाले, पण तपासणीतून झाले नाहीत. सकाळी उठून घरातली बटणं, नळ, कड्या, बिजागऱ्या बघत फिरतात आणि एखादी वस्तू नीट चालताना दिसली की जरा हिरमुसतात.

तर मुद्दा असा की आमच्या घरात सिनेमा झाला. म्हणजे घरात बसून बघितला असं नाही, घरातच तयार झाला, आणि तो काल दुपारच्या खेळाला बघून आल्यापासून तुला लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. तुला तो जुना भयपट आठवत असेल, रात्री बंगल्यात मुखवटेवाले शिरतात तो. मी शाळेत होते. ‘प्राण्यांचा सिनेमा आहे’ असं सांगून तू मला नेलं होतंस आणि पहिली काच फुटल्याबरोबर ‘तहान लागली’ म्हणून जो बाहेर गेलास, तो पडद्यावर नावं लागल्यावर परत आलास. त्याच सिनेमाचा हा रिमेक. जुना मला अजून पाठ आहे, त्यामुळे नव्यात काय मोठं असणार, अशा तोऱ्यातच मी यांना आणि सासूबाईंना घेऊन गेले होते.

सुरुवात झाली एका पँटमुळे. माझ्या शिवणाच्या खोलीत एक मुलगी पँटची लांबी कमी करायला आली. मी टाचण्या लावत होते आणि ही बघत होती छताकडे, जिन्याकडे, आतल्या बोळाकडे. मग म्हणाली, “मावशी, मला हे घर हवंय.” हे आतून ओरडले, “विकायचं नाही!” ती म्हणाली, “विकत नकोय, काका. थोडे दिवस लोकांना घाबरवायला हवंय.” यावर काय बोलावं हे यांना त्यांच्या आख्ख्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे ते गप्प राहिले, आणि ती मुलगी त्याला होकार समजली. तीच दिग्दर्शक. (पँट अजून माझ्याकडेच आहे.)

मग माणसं आली. दिवसाउजेडी रात्र करायची म्हणून सगळ्या खिडक्यांना बाहेरून काळं कापड लावलं. सासूबाई भर दुपारी जेवून ‘आता झोपते बाई’ म्हणत अंथरूण घालायच्या. घर असं काळ्या कापडात गुंडाळलेलं पाहून शेजारची बाई घाबरत घाबरत दारात आली आणि अगदी हळू आवाजात सासूबाईंना म्हणाली, “कोण गेलं?” सासूबाईंना ऐकू आलं ‘कोण आलं’. त्या सांगून मोकळ्या झाल्या, “तीसेक जण, आणि रोज येतात!” ती बाई पायरीवर मटकन बसली. तिला पाणी पाजून खरं काय ते सांगेपर्यंत माझा घसा कोरडा पडला.

दादा, माझी तक्रार चालू होती हे खरं. बोळात वायरी, बेसिनमध्ये दुसऱ्यांचे कप, माझ्या मशीनवर कोणाचा तरी कॅमेरा. पण त्या मुलीचं मला कौतुक वाटायला लागलं ते एका दिव्याच्या बटणामुळे. आमच्या न्हाणीघराचं बटण कपाटाच्या मागे आहे हे तुला आजवर कळलेलं नाही. (तू प्रत्येक वेळी अंधारात आंघोळ करून आलास आणि बोलला नाहीस.) पाहुण्याला ते सापडत नाही म्हणजे नाहीच. तिलाही पहिल्या दिवशी सापडलं नाही. सगळी भिंत चाचपून झाली, मी बटण दाखवलं, आणि ती वैतागायची सोडून कपाटाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, पोरगी दमली. तिच्या डोक्यात काय शिजत होतं हे काल कळलं.

दुसरी गोष्ट दाराची. मागच्या खोलीचं दार करकरतं. आवाजाचं काम बघणारा एक तरुण होता, कायम कानाला यंत्र लावलेला, त्याला आम्ही कानवाला म्हणायचो. तो त्या दाराच्या प्रेमातच पडला. असं दार शोधून मिळत नाही म्हणाला, कोणी हात लावू नका म्हणाला. आपल्या घरातल्या दोषाची कोणी अशी वाहवा करतंय हे यांच्या तपासनीस मनाला सोसेना. एके सकाळी मंडळी यायच्या आत यांनी माझ्या मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि बिजागऱ्यांना मनसोक्त पाजली. मग प्रसंगाची तयारी झाली, सगळे श्वास रोखून उभे, दार उघडलं आणि काहीच नाही! कानवाल्याने यंत्र काढून झटकलं. हे मात्र पुढे होऊन म्हणाले, “बघा आता कसं चालतंय!” मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ती मुलगी डोकं धरून जिन्यावर बसली. जरा वेळाने उठली, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि कानवाल्याला म्हणाली, “हेच ठेवू.”

“काय ठेवू? आवाजच नाही.”

“तो ‘नाही’च ठेव.”

आता सिनेमाचं सांगते. जुन्यात पहिल्या काही मिनिटांतच काच फुटते, ढग गडगडतात, वाद्यं कोकलतात. नव्यात बराच वेळ काही होतच नाही. आई शिवतेय, बाप वर्तमानपत्राआड, मुलगी खोलीत, तिघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. घर मात्र सगळं दाखवून होतं, कोणता खण अडकतो, कोणती पायरी हलते, मागचं दार कसं करकरतं (ती करकर कानवाल्याने तेलाच्या आधीच भरून ठेवली होती). मी मनात म्हटलं, हे तर आमचं रोजचंच, यासाठी कशाला तिकीट काढायचं? पण दादा, तिथेच तर गंमत आहे. घर एकदा ओळखीचं झालं की पुढे त्यातला प्रत्येक कोपरा भीती दाखवायला लागतो. मग दार वाजतं. आतून ‘कोण?’ आणि बाहेरून उत्तर, ‘मी.’ बस. बाई दार उघडते. आपण सगळे उघडतो. काच फोडायची गरजच काय?

बाहेर एक नीटनेटका माणूस. पाय पुसून आत येतो, गाडी बंद पडली म्हणतो, हात धुऊ का विचारतो. न्हाणीघराशी जातो, आणि न बघता, बोलता बोलता, कपाटामागे हात घालून दिवा लावतो. दादा! थिएटरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. ना सुरा, ना किंकाळी, नुसतं बटण. हा माणूस या घरात आधी येऊन गेलाय! बाईने ते पाहिलंय, पण नवऱ्याशी अबोला, त्यामुळे ती सांगत नाही. नवऱ्यालाही काहीतरी खटकलंय, तोही सांगत नाही. आणि ‘आता निघा’ म्हणायला दोघांनाही संकोच! मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की शेजारचे गृहस्थ म्हणाले, “बाई, तो माझा हात आहे.”

मग तो माणूस मदत करायला लागतो. ‘तुमच्या दाराला तेल हवंय,’ असं नवऱ्याला म्हणून गोड हसत, अगदी यांच्यासारखाच एक डोळा मिटून बघत, बिजागरीत तेल सोडतो. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी छाती फुगली, मग आवाज बारीक करून मला विचारलं, “म्हणजे खलनायक मी?”

पुढे आई मशीनवर बसलीय, पाठ दाराकडे. इतका वेळ दार उघडलं की करकरायचं, म्हणून ती निर्धास्त आहे; तेलाचं नवऱ्याने तिला सांगितलेलंच नाही. नेमक्या त्याच शांततेत सासूबाई उभ्या राहिल्या. त्या पाहुण्याचं काम करणारा नट आमच्याकडे असताना रोज त्यांना सुईत दोरा ओवून द्यायचा, कपड्यांच्या घड्या घालायचा. तो मघापासून बोळात ताटकळतोय हे त्यांना बघवेना. त्या पडद्याला उद्देशून ओरडल्या, “अगं, आत घे त्याला! चांगला मुलगा आहे!” सगळं थिएटर खो-खो हसलं, आणि हसता हसताच तिच्या मागे ते दार उघडलं. बिनआवाज. त्यानंतर आली तशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. (ती यांची होती.)

शेवट सांगून टाकते, कारण तू काही पूर्ण बघणार नाहीस. जुन्यात पोलीस येतात. इथे कोणीच येत नाही. ती आई मुलीला म्हणते, “जा, मागच्या खोलीतून माझी निळी शाल आण.” एवढंच. आईकडे निळी शाल नाही, हे मुलीला माहीत आहे, आणि बापालाही. तिथून तिघं पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघतात आणि एकजुटीने सुटतात. त्या माणसाला घर पाठ होतं रे, पण घरातली माणसं ठाऊक नव्हती. मी भीतीने नाही, त्या शालीपाशी रडले. भीती मला अजिबात वाटली नाही. त्या दिग्दर्शक पोरीची आणि त्या सगळ्यांची मेहनत बघून ऊर मात्र भरून आला.

पत्र लांबलं. गुडघा जप. यांचा नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. भीती वाटली नाही असं लिहिताना हे शेजारी बसून वाचत होते. खरं म्हणजे कालपासून आम्ही न्हाणीघरात जोडीने जातो, एकजण बाहेर उभा राहून मोठ्याने गातो.

आणखी एक ता. क. त्या मुलीला पुढच्या सिनेमासाठी मोठं, झाडीतलं, वरचा मजला बंद असलेलं घर हवंय. मी तुझं सुचवलं. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. दादा, वहिनी गेल्यापासून तू खालच्या एका खोलीत राहतोस, वरच्या खिडक्या उघडत नाहीस आणि फोनवर ‘हं’ पलीकडे जात नाहीस. मी इतकी करवादायचे, पण ही मंडळी गेली त्या दिवशी घर असं गप्प झालं की मी दोरा न घालताच मशीन चालवत बसले. तेव्हाच ठरवलं. चार कप फुटतील, वायरीत पाय अडकेल, कोणीतरी तुझ्यावर हसेल, तू कोणावर तरी ओरडशील. मला तेच हवंय.

शेवटचा ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ज्या मुलीने ते तुझ्या हातात दिलं, तीच ती दिग्दर्शक, अजून दारात उभी आहे. दादा पत्र संपवल्याशिवाय मान वर करत नाही, असं मी तिला सांगून ठेवलंय, म्हणून बिचारी बोलत नाहीये. आता चष्मा काढ आणि तिला आत ये म्हण. बाकीची मंडळी गाडीत आहेत, तू बोलावल्याशिवाय उतरणार नाहीत. सासूबाई हट्टाने त्यांच्याबरोबर आल्या आहेत. त्या मात्र एव्हाना मागच्या बाजूने तुझ्या स्वयंपाकघरात पोहोचल्या असतील. चहा टाकू दे त्यांना.