दक्षिणेच्या भिंतीवरचं गाव

अल्फारेटा, अमेरिका, शनिवार, १५ ऑक्टोबर २००५

ह्यांना जाऊन महिना झाला. गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीला लावायचा, म्हणून सुधीर आज हातोडी घेऊन आला. पण त्या भिंतीवर ह्यांनी गराज सेलमधून आणलेलं चित्र. डोंगरातलं गाव आहे म्हणे, कुणा डच माणसानं काढलेलं. मला कसलं गाव नि कसलं काय. रोज फडकं मारताना दिसतात ते नुसते रंगाचे फराटे. मी म्हणायचे, "आपली गावाकडची म्हैस शेपटीनं ह्याहून बरं काढील." हे खुर्चीतून हसायचे. "अगं, इथं येऊन बस, मग दिसेल." मी बसले का कधी? पोळ्या कोण लाटणार होतं?

आज सुधीर स्टूल आणायला गेला. पाय दुखत होते म्हणून मी ह्यांच्या खुर्चीत टेकले, तर मेलं ते गाव दिसलं की. फराट्यांची घरं झाली. धूर, पायवाट, वरती बर्फ. असं लांबून बघायचं असतं होय ते? चार वर्षं बोलवत होता माणूस. ओट्यापासून खुर्चीपर्यंत दहा पावलं. एवढीसुद्धा झाली नाहीत माझ्याच्यानं.

सुधीर चित्र उतरवायला लागला. मी म्हटलं, "राहू दे ते तिथंच."

"अगं आई, मग बाबांचा फोटो? साउथची वॉल ही एकच आहे. तूच म्हणालीस ना?"

"ठेव कपाटात. त्यांचं तोंड मला पाठ आहे. हे गाव अजून बघायचंय."