दुखण्याला घरचा साक्षीदार नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
खाडीकाठ नकाशा व अभिलेख कार्यालय,
महापे, नवी मुंबई.

विषय : अभिलेख कक्षातून आवक-जावक टेबलावर बदलीसाठी घरातील साक्षीदाराची अट शिथिल करणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा दि. ३ जूनचा अर्ज, त्रुटी काढून दोनदा परत.

महोदय,

१. अर्जदार जयमाला परुळेकर, वरिष्ठ लिपिक, हिला दोन वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे. अंगभर दुखते, झोपून उठले तरी शीण जात नाही, अभिलेखांचे गठ्ठे उचलवत नाहीत. रक्त, एक्स-रे सगळे नॉर्मल येते. त्यामुळे मोठे बाबू श्री. बाजीराव "मॅडम, टेन्शन घेऊ नका, फ्रेश तर दिसता," असे म्हणून आणखी एक गठ्ठा हाती देतात.

२. विहित नमुन्यात 'शारीरिक' किंवा 'मानसिक' अशा एकाच चौकोनात खूण करायची आहे. सांध्यांच्या डॉक्टरांनी दुखणे खरे असल्याचे लिहिले. मनाच्या डॉक्टरांनी ते अपुऱ्या झोपेने व एकटेपणाने वाढते, असे लिहिले. अर्जदाराने दोन्हीकडे खूण केली. अर्ज परत. मग दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर केली. पुन्हा परत, शिवाय नवी त्रुटी : सोबत राहणाऱ्या व्यक्तीने दुखणे प्रत्यक्ष पाहिल्याचा जबाब जोडावा.

३. या अटीचे परिपत्रक २०१८ साली अर्जदारानेच टाइप केले होते व तिघांचे अर्ज त्यावरून परतही पाठवले होते. तेव्हा पती दिनानाथ हयात होते. एकट्या माणसाने काय करावे, हे सुचलेच नाही. आता त्याची लाज वाटते.

४. घणसोलीच्या घरात अर्जदाराखेरीज कोणी नाही. दुखण्यापेक्षा, दुखते हे सांगायला कोणी नाही, हे मनाला जास्त खाते. मात्र भांड्यांना येणाऱ्या तळवलीच्या शेवंताबाई काही न सांगता दुधाची पिशवी कापून आणि डब्यांची झाकणे सैल करून जाऊ लागल्या. विचारल्यावर म्हणाल्या, "दिसत नाय कोन म्हनतं? तुमी पिशवी दातानं फोडता, मी काय आंधली हाय?"

५. सबब त्यांचा जबाब ग्राह्य धरावा. 'अर्जदाराशी नाते' हा रकाना बराच वेळ कोरा होता. 'कामवाली' असे लिहवेना. शेवटी त्यांनाच विचारले. त्यांनी सांगितले तेच लिहिले आहे : "ताईंच्या घराची चावी माज्याकडं हाय."

आपल्याच कार्यालयातील नम्र,
(सही)
जयमाला दिनानाथ परुळेकर
दि. १४ ऑगस्ट

सोबत :
१. दोन्ही डॉक्टरांचे दाखले.
२. शेवंताबाईंचा जबाब, अंगठ्यासह.
३. अर्जदाराने परत पाठवलेल्या त्या तिघांची नावे. त्यांचेही अर्ज पुन्हा पाहावेत, ही विनंती.