लाल दिव्यातला कलप

३ जून, सोमवार. सकाळी ६.१०

लेक २३ तारखेला येतेय. चार वर्षांनी. हातात वीस दिवस आहेत. भरपूर झाले.

मुद्दा असा. जाताना ती म्हणाली होती, तुम्ही दोघं थकलेले दिसलात की मी तिकडचं सगळं सोडून परत येईन. म्हणून मी थकलेला दिसलो नाही. स्वतःचा स्टुडिओ आहे. दर महिन्याला माझा एक फोटो तिला पाठवतो, पाठवण्याआधी थोडं रीटचिंग. थोडं म्हणजे डोळ्यांखालच्या पिशव्या, कपाळावरच्या आठ्या, केसांचा रंग आणि हनुवटीखालचा भाग. पासपोर्टच्या गिऱ्हाइकांना करून देतोच की. व्हिडिओ कॉलवर फोन माझ्या हातात आणि कॅमेरा हिच्याकडे. फोटो काढणारा फ्रेममध्ये नसतो, हा धंद्याचा नियमच आहे.

आता फक्त चेहरा फोटोच्या पातळीला आणायचा. तीस वर्षं लोकांचे चेहरे सुधारले, त्यात एक स्वतःचा काय जड आहे?

संकल्प: रोज सकाळी लेप. आठ ग्लास पाणी. चहात साखर बंद. शेजारचा केशकर्तनवाला म्हणत होता, दहा मिनिटांत कलप करून देतो. उद्या गल्लीभर करेल. नको म्हटलं. घरचं काम घरात.

६.४०. चहात अर्धा चमचा साखर. एकदम बंद केली तर त्वचेला धक्का बसतो.

५ जून, बुधवार

अंड्याच्या पांढऱ्याचा लेप. वीस मिनिटं हसायचं नाही, बोलायचं नाही अशी सूचना होती. नेमका मीटर वाचणारा आला. मीटर कुठे आहे विचारलं, मी बोटाने दाखवलं. जाताना त्याने हिला हळूच विचारलं, साहेबांना झटका कधी आला. ही म्हणाली, झटका नाही, हौस आहे.

लेप धुतल्यावर कातडी ताणलेली वाटली. ताणलेली म्हणजे तरुण. पहिल्याच फेरीत तीन-चार वर्षं गेली असावीत.

९ जून, रविवार

डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडलो. डुलकी लागली. उठलो तर एक चकती उशीखाली सापडली, दुसरी नाही. कुठे गेली याचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

दुपारी कॉल. लेक म्हणाली, बाबांना दाखव. मी सांगितलं, पुढचा कॅमेरा बिघडलाय. तो दोन वर्षं बिघडलेलाच आहे. तिने आग्रह धरला नाही, उलट हसली. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

आठ ग्लास पाण्याचा प्रयोग थांबवला. गिऱ्हाइकाला हनुवटी वर करायला सांगून मलाच आत पळावं लागतं.

१२ जून, बुधवार

गालावरच्या डागांना सकाळी लिंबू चोळलं. मग शाळेच्या वर्गाचे ग्रुप फोटो, मैदानात, दोन तास. संध्याकाळपर्यंत चेहरा लालभडक, टॉवेल लावू देईना. लिंबू लावून उन्हात जाऊ नये असं आता तीन ठिकाणी वाचलं. काल एकाही ठिकाणी नव्हतं. काल मी एकच ठिकाण वाचलं होतं.

ही म्हणाली, कशाला जिवाचे हाल करून घेता. मी म्हटलं, लेकीच्या नोकरीसाठी. तिला तिथे कायम करायचं चाललंय. माझ्या पिशव्या बघून तिने ते सोडून दिलं तर जन्मभर मला लागून राहील. ही बटाटे सोलत राहिली.

१५ जून, शनिवार

नाकाची सालं निघतायत. जुनं जातंय, नवं येतंय. तीन दिवस हिचं क्रीम लावतोय. आज डबीमागचं वाचलं. भेगाळलेल्या टाचांचं आहे. टाच काय, गाल काय, कातडी एकच. फरक पडतोय.

१९ जून, बुधवार. दुपारी ३

आज कलप. गडद तपकिरी. आधी कोपराच्या आत थोडा लावून दोन दिवस वाट बघा, असं पाकिटावर लिहिलंय. दोन दिवस आहेत कुणाकडे?

स्टुडिओ बंद ठेवून मागच्या न्हाणीत बसलोय. ही पूर्वी माझी डार्करूम. लाल दिवा अजून शाबूत आहे. भांड्यात रसायन कालवायचं म्हटलं की मला लाल दिवाच लागतो, पांढऱ्या उजेडात हात चालत नाही. पाकिटावर पस्तीस मिनिटं दिलीत. पण काळा खोल यायला प्रिंट जरा जास्त ठेवावी लागते, हे पाकीट लिहिणाऱ्याला काय माहीत! तासभर ठेवणार. भुवयांनाही लावलाय.

४.०५. धुतलं. आरशात पाहिलं. कपाळ, कान, मान स्वच्छ, एक डाग नाही. याला म्हणतात हात.

४.१५. बाहेर आलो. लाल दिव्यात तांबडं दिसत नाही. हे मला चांगलं माहीत होतं, पण डोक्याच्या बाबतीत कधी सुचलं नव्हतं. पांढऱ्या केसांवर गडद तपकिरी बसत नाही, तांबडं बसतं. केस घासलेल्या हंड्यासारखे. कपाळ भुवयांपर्यंत रंगलेलं, कानही दोन्ही. हिने दार उघडलं, बघितलं, परत लावून घेतलं. पलीकडून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता.

उन्हात तांबूस छटा दिसणं हल्ली चालतं म्हणे.

२० जून, गुरुवार

नाही चालत. वरून काळा कलप. या वेळी ट्यूबलाइटखाली आणि घड्याळ लावून. केस काळे झाले. काळे म्हणजे एकजात, मधे कुठे सूट नाही. केशकर्तनवाला पायरीवर उभा होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. विचारलं, घरीच केलंत वाटतं? मी म्हटलं, औषध बदललंय.

२२ जून, शनिवार

कानांवरचे डाग हलायला तयार नाहीत. वरून हिच्या फाउंडेशनचा थर दिला. हिचा रंग माझ्याहून उजळ. कान दुसऱ्या कुणाचे तरी दिसतात.

संध्याकाळी हिने मला स्टुलावर बसवलं आणि तेलात कापूस बुडवून अर्धा तास कानांमागे घासत राहिली. हलू नका म्हणाली. इतक्या जवळ आम्ही किती दिवसांनी बसलो. फार बरं वाटलं. मधेच म्हणाली, अहो, तुम्हाला एक सांगायचं होतं. मी म्हटलं, उद्या सांग, आता डाव्या कानाकडे बघ.

२३ जून, रविवार. संध्याकाळी ५

विमानतळावर एकटाच गेलो. ही घरी स्वयंपाकात होती. एकदम समोर उभा राहिलो, कठड्याला टेकून, फोटोत बसतो तसा तिरका.

लेक बाहेर आली. माझ्याकडे सरळ बघितलं आणि पुढे गेली. खांबापाशी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ पाठमोरे उभे होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बाबा म्हणाली. ते वळले. ते कोणाचे तरी असतील, तिचे नव्हते.

मी हाक मारली. ती वळली, बराच वेळ बघत राहिली, मग बॅगेवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

टॅक्सीत कळलं. ही दर रविवारी तिला माझे फोटो पाठवते. गुपचूप काढलेले. पेपर तोंडावर घेऊन झोपलेला मी, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा मी. चार वर्षं. लेक आज त्या माणसाला शोधत होती. माझे फोटोही तिने जपून ठेवलेत. कंटाळा आला की बघते म्हणाली.

२४ जून, सोमवार. सकाळी ९

चहाच्या वेळी सावकाश विषय काढला. म्हटलं, बघतेसच, आम्ही ठणठणीत आहोत. नोकरी सोडायचा विचार मनात आणू नकोस.

ती म्हणाली, बाबा, कायमचं पत्र मार्चमध्येच आलं. त्याच दिवशी सही करून दिली. आईला सांगितलं होतं, तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं.

मी म्हटलं, उत्तम. मला तेच हवं होतं. मग न्हाणीत जाऊन तोंड धुतलं.

इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मला तेच हवं होतं हे खरं आहे. पण तिने एकदा माझ्याकडे बघून विचारावं, फार थकलात हो बाबा, येऊ का परत, आणि मी हसून नको म्हणावं, एवढं मनात होतं. ते नको कसं म्हणायचं, हे आरशासमोर दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं होतं. चांगलं जमत होतं.

तिने विचारलंच नाही.