कबूल कोणी करायचं

प्रिय ताई,

तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा उठलो, तुला माझी सवय माहीत आहेच. आता बाबांच्या कापायच्या टेबलावर बसलोय. कडेला तू पेन्सिलीने काढलेली मांजर अजून आहे. बाबांनी ती कधीच पुसली नाही, गिऱ्हाइकांना सांगायचे, हा आमच्या दुकानाचा शिक्का. बघ, लागलो भरकटायला.

सोमवारी फोनवर तुला एवढंच म्हणालो, की माझा डोळा लागला आणि बाबा हरवले होते, सापडले. ते आपल्या जुन्या दुकानापाशी गेले होते. तिथे आता तयार कपड्यांचं दुकान आहे, काचेत सूट घातलेला पुतळा. बाबांना वाटलं, सूट आपणच शिवलाय, फक्त अंगावर घालून बघायचा राहिलाय. भर दुपारी, भर रस्त्यात त्यांनी सगळे कपडे काढले. सगळे, ताई. पँटची घडी इस्त्रीच्या रेषेवर घातली, त्यावर शर्ट, त्यावर बनियन, आणि हात जरासे बाजूला धरून उभे राहिले, लहानपणी आपण माप देताना उभे राहायचो तसे. एका बाईने पोलिसांना फोन केला. तिचं तरी काय चुकलं, सोबत तिची लहान मुलगी होती.

चौकीतली अधिकारी तुझ्याच वयाची. म्हणाली, कबूल केलंत तर लेखी ताकीद देते, सही करा आणि घरी जा. नाकारलंत तर अश्लील वर्तनाचा खटला, सगळ्यांसमोर कोर्टात. मी बाबांच्या कानाशी लागलो, नुसतं हो म्हणा. तर ते ताडकन म्हणाले, "अख्ख्या गावाला कपडे घातले मी. मी उघडा फिरेन?" आणि तिच्याकडे वळून, "पोरी, तुझ्या खिशाची शिवण उसवलीय, सुईदोरा आण." तिने खरंच आणला. बाबांनी चष्म्याशिवाय एका झटक्यात दोरा ओवला. मी आपला भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

आठवतं, नवरदेवाच्या कोटाचं कापड कापून मी खेळण्यातल्या होडीला शीड केलं होतं? उरलेलं कापड तुझ्याच हातात होतं. बाबा गिऱ्हाइकाला म्हणाले, कात्री माझ्याच हातून घसरली. न केलेलं कबूल करायला त्यांना क्षणही लागला नव्हता.

अधिकारी बाईने शेवटी ताकिदीचा कागद मागे घेतला. आपण काय केलं हेच ज्याला कळत नाही, त्याची सही घेऊन काय करू, म्हणाली. डॉक्टरांचे कागद दाखवले तर प्रकरण तिथेच मिटवता येईल. पंधरा दिवस ती थांबेल, मग खटला. ते कागद तुझ्याकडे आहेत, चार वर्षं तू त्यांना सांभाळलंस तेव्हाचे.

आणि माझा डोळा लागला होता, हे फोनवर सांगितलेलं खोटं. मी ब्रेड आणायला गेलो, वाटेत एक जण मोडकी सायकल जोडत होता, त्याच्याशी गप्पा मारत तीन तास बसलो. दार उघडं टाकून. जाताना तू एकच गोष्ट सांगितली होतीस, त्यांना एकटं सोडू नकोस. बाबांना कबूल करता येत नाही, म्हणून मी करतोय, पूर्ण शुद्धीवर. कागद पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. मला ताकीद दे नाहीतर खटला भर. दाराला आतून कडी आहे, बाबा शेजारी बटणं निवडतायत, आणि मी इथेच आहे.

तुझाच,
भिंगऱ्या